चिपच्या चाचणीची फाइल कोण वाचणार?

नगर शहरातल्या सावेडीतून मनमाड रस्त्याने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात नागापूरची एमआयडीसी लागते. तिथे सीजी पॉवर, म्हणजे पूर्वीच्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचा, विजेच्या मोटारींचा कारखाना आहे. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा या कारखान्याशी कामाचा संबंध आला असेल. याच कंपनीने जपानची रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांना सोबत घेऊन गुजरातेत साणंदला सीजी सेमी उभी केली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रकल्पाला मान्यता दिली. गुंतवणूक सुमारे ७,६०० कोटी रुपयांची. २८ ऑगस्ट २०२५ रोजी तिथली पहिली उत्पादनसाखळी प्रायोगिक पातळीवर सुरू झाली. तिची क्षमता दिवसाला सुमारे पाच लाख चिपची आहे, आणि दुसरा, मोठा कारखाना पूर्ण झाला की ही क्षमता दीड कोटीच्या घरात जाईल असे कंपनीचे नियोजन आहे.

साणंदला चिप घडवली जात नाही. दुसरीकडे तयार झालेली सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, तिथे येते. ती कापायची, सुट्या तुकड्यांना वेष्टन चढवायचे आणि प्रत्येक नग तपासून ग्राहकाकडे पाठवायचा, असे हे काम आहे. भारतात सध्या ज्या चिप कारखान्यांची नावे कानावर येतात त्यातले बरेच याच प्रकारचे आहेत. साणंदलाच मायक्रॉन आणि केन्स आहेत, आसामात जागीरोडला टाटांचा २७,००० कोटींचा प्रकल्प आहे. महाराष्ट्रात पनवेलजवळ तळोज्याला अदानी आणि इस्रायलची टॉवर सेमिकंडक्टर यांच्या चिप घडवण्याच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने मंजुरी दिली, पण अजून तिथून चिप बाहेर पडलेली नाही. म्हणजे आपल्याकडे चिप घडवण्याच्या आधी चिप तपासण्याचे युग येते आहे, आणि तपासणी म्हटले की तिच्या नोंदी आल्या. त्या नोंदी वाचणाऱ्या कोडकडे मराठी वाचकाने, विशेषतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने, नीट पाहायला हवे.

चिपची तपासणी साधारणपणे दोनदा होते. वेफर अखंड असतानाच सुईसारखी टोके टेकवून एकेका तुकड्याला, म्हणजे डायला, वीज देऊन पाहतात. वेष्टन चढल्यावर पुन्हा अंतिम चाचणी होते. दोन्ही वेळा टेस्टर नावाचे यंत्र शेकडो प्रश्न विचारते. बंद अवस्थेत किती प्रवाह गळतो? अमुक पायावर किती व्होल्ट मिळतात? किती वेगाने उत्तर येते? उत्तरांवरून चिपला एक बिन क्रमांक मिळतो. नेप्तीच्या उपबाजारात कांद्याची प्रतवारी होऊन मोठा माल, मध्यम आणि गोल्टी वेगळी पडते, तशीच ही प्रतवारी. पहिल्या बिनात चांगल्या चिप जातात, पुढच्या बिनांत कमी वेगाच्या आणि नापास झालेल्या.

आता आकडे पाहू. एका वेफरवर १,००० डाय आहेत, प्रत्येकावर ५०० मोजमापे होतात आणि एका लॉटमध्ये २५ वेफर आहेत असे धरले, तर एका लॉटची मोजमापे झाली १ कोटी २५ लाख. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे एकच लॉट उघडायला बारा पाने लागतील, आणि कारखान्यात दिवसभरात असे अनेक लॉट निघतात. नापास चिप कुठे वाढल्या, का वाढल्या, चूक चिपची की टेस्टरच्या झिजलेल्या सुईची, ही सगळी उत्तरे या आकड्यांत असतात. ती शोधण्याआधी आकडे बिनचूक वाचता यायला हवेत.

हे आकडे ज्या रूपात साठवतात त्याचे नाव एसटीडीएफ, म्हणजे स्टँडर्ड टेस्ट डेटा फॉरमॅट. अमेरिकेतल्या टेराडाइन या टेस्टर बनवणाऱ्या कंपनीने १९८५ मध्ये तो तयार केला. बोस्टनमध्ये १९६० साली सुरू झालेल्या या कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली, फॉरमॅटचे तपशील कुलुपात ठेवले नाहीत. त्यामुळे प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही तो उचलला. आज जपानच्या अ‍ॅडव्हान्टेस्टचा टेस्टर असो की नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा, एसटीडीएफ फाइल देण्याची सोय त्यात असते. सगळीकडे चालते ती चौथी आवृत्ती. २००७ मध्ये तिला काही पुरवण्या जोडल्या गेल्या, पण गाभा तोच राहिला. ऐंशीच्या दशकातली कल्पना चाळीस वर्षांनंतर साणंदच्या नव्याकोऱ्या कारखान्यालाही लागू पडते, हे त्या वेळच्या अभियंत्यांच्या दूरदृष्टीचे फळ आहे. त्या काळच्या मर्यादाही मात्र सोबत आल्या आहेत.

एसटीडीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर चिन्हांचा गोंधळ दिसतो, कारण ती अक्षरांत लिहिलेली नसते, बाइटांत लिहिलेली असते. फाइल म्हणजे एकामागे एक ठेवलेल्या नोंदी. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला चार बाइट असतात. पहिले दोन नोंदीची लांबी सांगतात, तिसरा नोंदीचा प्रकार आणि चौथा उपप्रकार. आजच्या नेहमीच्या संगणकावर तयार झालेल्या फाइलचे पहिले सहा बाइट असे असतात: २, ०, ०, १०, २, ४. अर्थ असा की पुढे दोन बाइटांचा मजकूर आहे, प्रकार शून्य, उपप्रकार दहा, म्हणजे ही एफएआर नावाची, फाइलची ओळख देणारी नोंद आहे. मग येणारा २ म्हणजे पीसी जातीचा संगणक, आणि ४ म्हणजे चौथी आवृत्ती.

पहिली गोम इथेच आहे. काही संगणक दोन बाइटांच्या आकड्यातला लहान भाग आधी लिहितात, काही मोठा भाग आधी. जुन्या सन यंत्रावरची फाइल असेल तर तीच लांबी ०, २ अशी लिहिलेली असते. चुकीच्या बाजूने वाचली तर २ चे ५१२ होतात. कोणत्या बाजूने वाचायचे हे सांगणारा बाइट पाचवा आहे, लांबी मात्र पहिल्या दोन बाइटांत वाचावी लागते. म्हणून फाइल वाचणारी चांगली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आधी सहाही बाइट हातात घेते, पाचवा पाहते आणि मग बाजू ठरवते. डेक कंपनीच्या पीडीपी-११ आणि व्हॅक्स यंत्रांसाठीही या फॉरमॅटमध्ये जागा आहे, आणि त्यांची अपूर्णांक लिहिण्याची रीतच निराळी. आज अशा फाइली क्वचित भेटतात, तरी तपशिलांत त्या आहेतच.

पुढे एमआयआर ही नोंद लॉटचा क्रमांक, टेस्टरचे नाव, चाचणी कार्यक्रमाची आवृत्ती सांगते. एखाद्या चिपची चाचणी सुरू झाली की पीआयआर लिहिली जाते, संपली की पीआरआर, आणि मधल्या प्रत्येक मोजमापासाठी एक पीटीआर. शेवटी बिनांची गोळाबेरीज आणि एमआरआर. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात टेस्टर एकाच वेळी चार, आठ, कधी त्याहून जास्त चिप तपासतो, त्यामुळे चार पीआयआर सलग येतात आणि मग चारही चिपची मोजमापे एकमेकांत मिसळून येतात. कोणते मोजमाप कोणत्या चिपचे हे हेड आणि साइट या दोन क्रमांकांवरून जुळवावे लागते. ही जुळणी चुकली तर तिसऱ्या चिपची गळती पहिल्या चिपच्या नावावर पडते, आणि फाइल मात्र कुठलीही तक्रार न करता वाचून होते.

पीटीआरची दुसरी खोड अधिक अवघड आहे. जागा वाचावी म्हणून एखाद्या चाचणीच्या पहिल्या नोंदीतच तिची खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि एकक लिहिण्याची मुभा आहे. पुढच्या हजारो नोंदींत ते गाळले तरी चालते, वाचणाऱ्याने पहिल्या नोंदीतले लक्षात ठेवायचे. सगळे गाळल्यावर पीटीआर १६ बाइटांत बसते, त्यामुळे वर धरलेल्या लॉटची मोजमापे सुमारे २० कोटी बाइटांत मावतात. प्रत्येक नोंदीत चाचणीचे वीस अक्षरी नाव लिहिले तर तोच आकडा ४६ कोटींवर जातो. १९८५ च्या डिस्कसाठी ही काटकसर अत्यावश्यक होती. आज तिचा भार वाचणाऱ्या कोडवर पडतो. फाइल मधूनच वाचायला घेतली किंवा तिचे तुकडे करून चार प्रोसेसरना वाटले, तर मर्यादा हरवतात. एककाच्या पटीची खूणही फसवी आहे. आकडा मूळ एककातच, म्हणजे अँपिअरमध्ये, साठवलेला असतो आणि दाखवताना मिलिअँपिअर करायचे असेल तर पटीच्या जागी अधिक ३ लिहितात. मिलि म्हणजे दहाचा उणे तिसरा घात हे शाळेत घोटलेल्या माणसाचा हात तिथे हमखास उलटा जातो.

वेळेचा घोळ तर सगळ्यांत त्रासदायक. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायचे ही संगणकातली नेहमीचीच रीत, पण एसटीडीएफमध्ये ते स्थानिक वेळेप्रमाणे लिहायचे असतात, आणि कोणत्या देशाची स्थानिक वेळ हे लिहायला जागाच नाही. वेफर तैवानात तपासली आणि वेष्टनानंतरची चाचणी साणंदला झाली तर दोन फाइलींच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक राहतो. कोणती फाइल कुठून आली याची नोंद ज्याने बाहेर ठेवली नाही, त्याचा क्रम कधीच नीट लागत नाही.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर वाचणाऱ्या लायब्ररींकडे वळू. मुक्त स्रोतातली सर्वांत परिचित म्हणजे पायथनमधली पायएसटीडीएफ. तिची रचना शिकण्यासारखी आहे. पार्सर एकच, तो नोंदी वाचत जातो आणि जोडलेल्या प्रत्येक ऐकणाऱ्या भागाला सांगत जातो. एक भाग मजकुराची फाइल लिहील, दुसरा एक्सेलची, तिसरा फक्त बिन मोजेल. मूळ वाचनाला हात न लावता नवे काम जोडता येते. सोबत फाइलचा मजकूर करणारी छोटी साधनेही मिळतात. नव्याने शिकणाऱ्याने हिचा कोड वाचावा. तो आटोपशीर आहे आणि फॉरमॅटच्या तपशिलांशेजारी ठेवून ओळीला ओळ लावता येते. उणीव वेगाची. पायथन प्रत्येक नोंदीसाठी वेगळी वस्तू बनवतो, आणि कोटभर नोंदींवर हे परवडत नाही.

वेग हवा असेल तर सी भाषेतली लिबएसटीडीएफ आहे, आणि अलीकडच्या काळात रस्ट भाषेतली रस्ट-एसटीडीएफ. ज्याला कोड लिहायचाच नाही, फक्त फाइल उघडून आलेख आणि वेफरचा नकाशा पाहायचा आहे, त्याच्यासाठी एसटीडीएफ व्ह्यूअर हा खिडक्या-बटणांचा प्रोग्राम आहे. सेमी-एटीई या मुक्त प्रकल्पाची पायथन लायब्ररी वाचते तशीच लिहितेही. लिहिण्याच्या या सोयीला फार महत्त्व आहे. खरी फाइल हाती नसताना सराव करायचा तर खोटी पण नियमात बसणारी फाइल बनवता आली पाहिजे.

या सगळ्यांची पारख करताना वेगाचे आकडे दुय्यम मानावेत. पहिली कसोटी अर्धवट फाइलची. टेस्टर मध्येच बंद पडला की शेवटची एमआरआर लिहिली जात नाही आणि अखेरची नोंद अर्ध्यावर तुटते. चांगल्या लायब्ररीने तुटण्यापूर्वीचे सर्व काही द्यावे आणि नेमके कितव्या बाइटवर तुटले ते सांगावे. दुसरी कसोटी पुनर्चाचणीची. नापास चिप पुन्हा तपासली की त्याच चिपची दुसरी नोंद येते, आणि ती पहिलीची जागा घेते अशी खूण पीआरआरमध्ये असते. ही खूण न पाहणारा प्रोग्राम एक चिप दोनदा मोजतो आणि उताऱ्याचे, म्हणजे यील्डचे, प्रमाण चुकीचे दाखवतो. चुकीच्या यील्डवर कोट्यवधी रुपयांचे निर्णय होतात, तेव्हा बारीक दिसणाऱ्या या गोष्टीकडे कानाडोळा करून चालत नाही.

परवान्याचाही विचार हवा. पायएसटीडीएफ जीपीएल परवान्याखाली आहे. कंपनीच्या आत वापरायला अडचण नाही, पण ती घालून केलेले उत्पादन विकायचे असेल तर आपला कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. नवउद्योजकाने हे पहिल्याच दिवशी समजून घेतलेले बरे.

मुक्त लायब्ररी आहेत मग या क्षेत्रात पैसा कशात आहे? तो वाचून झाल्यावरच्या विश्लेषणात आहे. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने २०२० मध्ये ऑप्टिमलप्लस ही इस्रायली कंपनी ३६.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे मुख्य भांडवल चिप तपासणीच्या डेटाचे विश्लेषण हेच होते. पीडीएफ सोल्युशन्स, यील्डहब अशा कंपन्याही याच कामावर उभ्या आहेत. भारतात बंगळूरुची टेसॉल्व्ह २००४ पासून चिप चाचणीच्या अभियांत्रिकीत आहे.

पुण्या-नगरच्या पट्ट्याला या विश्लेषणातली सर्वांत जवळची बाजू वाहनांची. चाकणची गाडी असो वा वाळूजची दुचाकी, तिच्यातल्या चिपने वर्षानुवर्षे खड्डे, ऊन आणि इंजिनाची धग सोसायची असते. चिपच्या तुटवड्यामुळे सप्टेंबर २०२१ मध्ये महिंद्राने उत्पादन २० ते २५ टक्के घटेल असे जाहीर केले, तेव्हा या उद्योगाचे परावलंबन सगळ्यांना दिसले. वाहनांच्या चिपसाठी एईसी क्यू-००१ ही मार्गदर्शक पद्धत आहे. ती सांगते की चिप मर्यादेत बसली एवढ्यावर समाधान मानू नका. आपल्या भावंडांपेक्षा ती फार वेगळी वागत असेल तर ती बाजूला काढा, आज पास असली तरी. यासाठी मध्यक घेतात, चतुर्थकांच्या अंतरावरून विचलन काढतात आणि दोन्ही बाजूंना सहापट विचलनाची नवी मर्यादा आखतात. बारावीच्या संख्याशास्त्रावर चालणारे हे गणित गाडीच्या ब्रेकमधल्या चिपचा निकाल लावते, आणि त्याला लागणारे सर्व आकडे एसटीडीएफमधून येतात. साइटची जुळणी चुकली असेल, पुनर्चाचणी दुप्पट मोजली असेल, तर इथे दोषी चिप सुटते आणि निर्दोष अडकते.

एसटीडीएफचे दिवस भरले का, हा प्रश्न उद्योगात बराच काळ विचारला जातो आहे. फाइल लॉट संपल्यावर हाती येते, आणि चाचणी चालू असतानाच निर्णय घ्यायचा असेल तर तोवर उशीर झालेला असतो. सेमी या जागतिक उद्योगसंघटनेत कास्ट नावाच्या गटाने आरआयटीडीबी हा पर्याय पुढे आणला. त्यात डेटा एसक्यूलाइटच्या तक्त्यांत राहतो आणि चालू चाचणीतूनच संदेशांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. दिशा योग्य आहे. तरीही टेस्टर महाग असतात, एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालवतात, आणि जगभरच्या कंपन्यांकडे जुन्या फाइलींचे डोंगर आहेत. आज शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोकरीच्या काळात एसटीडीएफ वाचणे थांबेल असे मानायला आधार नाही.

मग हे काम नगरसारख्या शहरात कोण करणार? जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वानवा नाही. नागापूरच्या पुढे विळद घाटात विखे पाटील अभियांत्रिकी, संगमनेरला अमृतवाहिनी, कोपरगावला संजीवनी, लोणीला प्रवरा. एआयसीटीईने व्हीएलएसआयसाठी, म्हणजे चिपच्या आखणीच्या शाखेसाठी, बी.टेक.चा नमुना अभ्यासक्रमही दिला आहे. पण चिपची आखणी शिकवताना महागडी सॉफ्टवेअर लागतात, घडवणे शिकवायला तर स्वच्छ खोली लागते, ज्याचा खर्च जिल्ह्याच्या महाविद्यालयाला झेपत नाही. चाचणीचा डेटा वाचायला लॅपटॉप पुरतो. फॉरमॅटचे तपशील खुले, लायब्ररी खुल्या, गणित परिचित. सावेडीच्या एखाद्या खोलीत राहणारा मुलगा किंवा मुलगी हे काम जगातल्या कोणाच्याही बरोबरीने करू शकते, आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या त्याच त्या हजेरीच्या अ‍ॅपपेक्षा त्यातून कितीतरी अधिक हाती लागेल.

खरी अडचण फाइलींची आहे. फॉरमॅट खुला असला तरी डेटा गुपित असतो, कारण यील्ड म्हणजे कंपनीची नाडी. विद्यार्थ्याला खरी फाइल पाहायलाच मिळत नाही, आणि बनवलेल्या फाइलींत तुटलेल्या नोंदी, विचित्र पुनर्चाचण्या, घड्याळांचे घोळ नसतात. त्यावर उपाय अवघड नाही. लॉटचे आणि ग्राहकाचे नाव काढून, चाचण्यांची नावे बदलून, आकड्यांना एका गुप्त संख्येने गुणून फाइल दिली तर गुपित फुटत नाही आणि फाइलचे सारे स्वभावदोष तसेच राहतात. सीजी पॉवरचे नगरशी नाते जुने आहे. तिच्या साणंदच्या कंपनीने अशा जुन्या फाइलींचा एक छोटा संच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना द्यावा, आणि महाविद्यालयांनी पुढच्या शैक्षणिक वर्षात इलेक्ट्रॉनिक्स व संगणक विभागाचा निदान एक संयुक्त प्रकल्प त्यावर लावावा.